शेजारणीनं द्यायची हजेरी

"ती कोपऱ्यातली पोरगी कुणाशी बोलंना, पण बघायलीय लय."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून एका बाईचा आवाज आला. त्यावर पुरुषाचा आवाज, "कोण, निळ्या ड्रेसवाली?"

"व्हय. मघाशी मी पाणी प्यायला भाईर गेले, तर डोक्यापासून पायापर्यंत वाचून काढलं तिनं मला."

निळा ड्रेस माझाच होता. मी लगेच मान खाली घातली आणि मांडीवरच्या फाइलकडे बघत बसले. मानवतमध्ये एका आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर, गावोगावी बायकांचे गट बांधणाऱ्या संस्थेचं ऑफिस होतं. खाली कापसाच्या गाड्या लागलेल्या, त्यामुळे जिन्यापर्यंत पांढरे तंतू उडत येत होते. व्हरांड्यात एकच लांब बाकडं होतं आणि त्यावर आम्ही इंटरव्ह्यूला आलेले सगळे दाटीवाटीनं बसलो होतो. माझ्या शेजारी मोहरी रंगाच्या साडीतली एक बाई होती. मी तिच्याशी बोलले नव्हते. मला स्वतःची उत्तरं पाठ करायची होती. शाळा, कॉलेज सगळं परभणीत, पण सगळं इंग्रजीत. त्यामुळे माझे गुण, माझे दोष, पाच वर्षांनंतर मी कुठे असेन, हे सगळं मी इंग्रजीतच घोकत होते.

माझं नाव पुकारलं गेलं. आत दोघं होते. टेबलामागे संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. आणि खिडकीजवळ, टेबलाच्या कडेशी, मघाची पाणी प्यायला आलेली बाई. ठेंगणी, रुंद, कपाळावर भस्माची बारीक रेघ, गळ्यात दोऱ्यात ओवलेली लिंगाची चांदीची डबी, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मांडीवर वर्तमानपत्राचा कागद आणि त्यात भुईमुगाच्या शेंगा. ती शेंगा फोडत होती, पण दाणे स्वतः खात नव्हती. टेबलाच्या कडेला, माझ्या खुर्चीसमोर, तिनं दाण्यांचा छोटा ढीग सरकवला.

"खा," ती म्हणाली.

"नो थँक्यू, मॅडम."

"मॅडम कुठली? अक्का म्हण. समदे अक्काच म्हणत्यात."

सरांनी माझी फाइल उघडली. अक्कांनी हात लांब करून ती बंद केली. "ह्येचं नंतर बघू. तुझ्या शेजारी कोण बसलीय भाईर, तिचं सांग."

मला वाटलं, मी प्रश्न नीट समजले नाही. घोकलेल्या उत्तरांत हे कुठेच नव्हतं. पण बघितलेलं पुष्कळ होतं, म्हणून मी सांगायला लागले. तिच्या टाचांना काळी माती वाळलेली आहे, म्हणजे ती शेताकडून आली असावी. एक म्हातारी बाई आली तेव्हा तिनं सावलीतली जागा दिली आणि स्वतः उन्हात सरकली. घाबरली की हसते. पिशवीत डबा आहे, पण सगळ्यांसमोर एकटीनं उघडायला तिला बरं वाटत नसावं. बोलता बोलता माझं मलाच छान वाटायला लागलं. सरही मान डोलवत होते.

"नाव काय तिचं?" अक्कांनी विचारलं.

ते मी विचारलंच नव्हतं.

"गाव?"

तेही नाही.

"सकाळधरनं मांडीला मांडी लावून बसलीस की गं." अक्का चिडल्या नव्हत्या. खरोखर नवल वाटल्यासारखं बघत होत्या. "डोळे दिल्यात देवानं. तोंड बी दिलंय की. खा, दाणे खा."

मी दोन दाणे खाल्ले आणि बाहेर आले. नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते. मग ती मोहरी साडी आत गेली, आणि त्या पातळ प्लायवूडमधून मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"नाव ऋतुजा. फाइलीवर लिवलंय, मी वाचलं. परभणीची हाय. सकाळधरनं इंग्लिशमधी जप करायलीय. मला वाटलं, कशाचा तरी उपास हाय." आत हसण्याचा आवाज. "घ्या तिला. लय भ्यालीय, पण पळून तर गेली न्हाई."

ती मंगल. आम्हा दोघींनाही घेतलं. मला इंग्रजी रिपोर्ट लिहायला, तिला गावागावात बायकांचे गट बांधायला. अक्का त्या सगळ्या कामाच्या समन्वयक होत्या. त्यांच्या आयुष्याबद्दल मला आजही फार थोडं माहीत आहे. वालूरच्या. नवरा लवकर गेला. एक मुलगी लातूरकडे दिलेली. बाकी कधी त्यांनी सांगितलं नाही आणि माझ्यासारखीनं विचारलं नाही. पण त्या इंटरव्ह्यूचं कोडं मला सोडत नव्हतं. माणसाला नोकरी द्यायची तर त्याचं सोडून शेजाऱ्याचं का विचारायचं?

उत्तर मला पाथरीकडच्या एका गावात, समाजमंदिराच्या फरशीवर मिळालं. गटाच्या बायका गोल बसल्या होत्या. हजेरी सुरू झाली, पण 'हजर' कुणीच म्हणेना. प्रत्येकीनं डावीकडच्या बाईचं नाव घ्यायचं, 'आलीय' म्हणायचं आणि तिच्या घरचं या आठवड्यातलं काही एक सांगायचं. "कौसाबाई. आलीय. म्हस व्याली, वगार झाली." "नंदा. आलीय. पोराला ताप व्हता, आता बरंय." "सुमन. आलीय. तिचं तुमीच इचारा, ती भांडूनशान आलीय." सगळ्या हसल्या, आणि सुमनसुद्धा.

येताना जीपमध्ये मी न राहवून विचारलंच. आधी वाक्य मनात तीनदा जुळवलं होतं.

"अगं, आधी मी बी 'तुमचं सांगा, तुमचं सांगा' करायचे," अक्का म्हणाल्या. "बायका पदर तोंडात धरून बसायच्या. माझं काय सांगायचं, म्हणायच्या. आन् उठून गेल्या की पाणवठ्यावर शेजारणीचं समदं सांगायच्या, तिखटमीठ लावून. म्हणलं, मग इथंच सांगा की, तिच्या तोंडापुढं. तिखट आपोआप कमी व्हतंय."

"आणि इंटरव्ह्यूमध्ये?"

"आपल्याला काम कशाचं हाय? दुसऱ्याचं बघायचं आन् दुसऱ्यासाठी बोलायचं. मग स्वताचं गाणं ऐकून काय करू?"

इंटरव्ह्यूच्या या पद्धतीची बातमी तालुक्यात पसरली, तसा इंटरव्ह्यूच्या दिवशी आमचा व्हरांडा बदलून गेला. बाकड्यावर बसलेले उमेदवार एकमेकांची नावं, गावं, सासर-माहेर, दुखणीखुपणी अशी हपापल्यासारखी विचारायला लागले, की एखाद्याला वाटावं सोयरीक जमायलीय. एकानं तर शेजारी बसायला स्वतःचा मित्रच आणला होता, आणि आत जाऊन त्याची अशी स्तुती केली की अक्कांनी त्या मित्रालाच विचारलं, "तुला पायजे का रं नोकरी?" सर वैतागायचे. अक्का मात्र खूष. "बाकड्यावर गप्पा व्हायल्यात ना? मग निम्मं काम तिथंच झालं."

एकदा दोन जावा आल्या. एकाच घरातून, एकाच जीपमधून, एकाच जागेसाठी. धाकटी आधी आत गेली. "मोठ्या बाईंना घ्या," ती म्हणाली. "लय हुशार हायत, अख्ख्या गावाचं त्यांना मालूम असतंय. त्या दिवसभर भाईर राहिल्या, तर घरात जरा शांतता." मग मोठी गेली. "तिला घ्या. पोरगी चांगली हाय, पण घरात राहून राहून तिचं डोकं फिरायलंय. मी बघते घरचं." अक्कांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. हे त्या क्वचितच करत. सरांनी विचारलं, "आता?"

"धाकटीला घ्या," अक्का म्हणाल्या. "मोठीनं धाकटीचं दुखणं सांगितलं. धाकटीनं स्वताचंच सांगितलं, मोठीच्या नावानं. पण गरज धाकटीला हाय."

मला अजून कळत नाही हा निवाडा बरोबर होता की नाही. कारण धाकटी सहा महिन्यांत कंटाळली, आणि मग ती जागा मोठीनंच घेतली आणि झकास चालवली. अक्का चुकायच्याही. एका गोडबोल्या मुलानं शेजाऱ्याबद्दल असं काही सांगितलं की अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. घेतला. त्याला फक्त सांगताच येत होतं. त्यानं एकाही गावात मुक्काम केला नाही. "शेंगांत एखादी खवट निघतीच," एवढंच अक्का म्हणाल्या. पण तो आठवडाभर त्यांनी शेंगा आणल्या नाहीत.

त्यांची खरी चूक मात्र वेगळी होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. मी त्या बैठकीला नव्हते, ही गोष्ट मला मंगलनं सांगितली आणि नंतर अक्कांनीही. एका गावात हजेरी चालू असताना एकीनं शेजारणीचं सांगितलं, "आलीय. दोन दिस जेवली न्हाई." तिला मायाच होती, म्हणून सांगितलं. पण ती शेजारीण उठली, चप्पल घातली आणि निघून गेली. नंतर कितीतरी महिने गटात आली नाही. अक्का तिच्या दारात गेल्या, तर तिनं दार उघडलं, बसायला पाट दिला, चहा दिला आणि एक शब्द बोलली नाही. अक्का चहा पिऊन परत आल्या.

"तवा मला कळलं," अक्का म्हणाल्या, "दुसऱ्याचं बोलायचं म्हंजी त्येची झाकलेली वस्तू उघडायची. न इचारता उघडली की चोरीच ती."

तेव्हापासून हजेरीत एक गोष्ट वाढली. सांगायच्या आधी शेजारणीकडे वळून विचारायचं, "सांगू का?" तिनं मान हलवली तर सांगायचं. नाही हलवली तर फक्त नाव आणि 'आलीय'. बस.

पुढे मीही गोलात बसायला लागले, तेव्हा अक्का माझ्या उजवीकडे येऊन बसायच्या, म्हणजे माझी हजेरी त्यांच्याकडे यायची. पहिल्याच वेळी त्या वळून म्हणाल्या, "सांगू का?" त्यांना काय माहीत होतं, कुणास ठाऊक. मी त्या काळात घरी बरंच काही सहन करत होते आणि ते मी कुणालाही कळू दिलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. मी मान हलवली, 'नको' अशी. त्या गोलाकडे वळल्या. "ऋतुजा. आलीय."

त्यानंतर प्रत्येक बैठकीत तेच. "सांगू का?" "नको." "ऋतुजा. आलीय." त्यांनी कधी कारण विचारलं नाही, आणि विचारायचं कधी थांबवलंही नाही. बायकांना त्याची इतकी सवय झाली की माझी पाळी आली की त्याच म्हणायच्या, "आलीय, आलीय, फुडं चला."

मग निधी देणारी संस्था बदलली. नवी माणसं बंगळुरूची. त्यांनी कळवलं की सगळ्या पदांसाठी नव्यानं इंटरव्ह्यू होतील. जुन्यांनीही अर्ज करायचे, समन्वयकांनीसुद्धा. सरांनी ऑफिसमध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा अक्का खिडकीतून खाली बघत होत्या. नंतर जिन्यात मला म्हणाल्या, "ऋतू, मला हे काम सोडायचं न्हाई गं. घरी बसून मी काय करू? भिंतीची हजेरी घेऊ?"

म्हणून मी त्यांचा सराव घ्यायचं ठरवलं. तोही चालत्या जीपमध्ये, कारण अक्का दुसरीकडे कुठे एका जागी सापडतच नसत. पाथरीहून मानवतला येताना मी म्हणाले, "अक्का, समजा मी ते बंगळुरूचे साहेब. तुमच्याबद्दल सांगा."

"माझं काय सांगायचं?" त्या म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या. मग हसत सुटल्या. "अगं माय, मी बी त्येच म्हणले की!"

"पुन्हा. तुम्ही किती गट बांधले?"

"मी कुठं बांधले? बायकांनी बांधले. त्या वालूरच्या आमच्या शेजारणीचं सांगते बघ..."

"शेजारणीचं नाही, अक्का. तुमचं."

"माझं तोंडच वळंना तिकडं." त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. जीपवाला आरशातून हे सगळं बघत होता. "अक्का, मी सांगू का तुमचं? धा वर्सं ने-आण करायलोय तुमची. साहेबाकडं मला घेऊन चला."

"तू गाडी हाक, खड्डा बघ फुडं," अक्का म्हणाल्या. पण आम्ही उतरेपर्यंत जीपमध्ये मागे बसलेल्या गटाच्या बाया अक्कांचं काय काय सांगायचं ते एकमेकींना सांगत होत्या, आणि अक्का कान झाकून बसल्या होत्या. थट्टेत नाही. खरंच.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मला दुभाषी म्हणून आत बसवलं. सरांनी बजावलं होतं, "ते विचारतील तेवढंच मराठीत, अक्का सांगतील तेवढंच इंग्रजीत. मध्ये आपलं काही घालायचं नाही. तुझाही इंटरव्ह्यू दुपारी आहे, लक्षात ठेव." मी मान हलवली. नेमून दिलेलं बोलायचं आणि आपलं काही घालायचं नाही, हे मला आयुष्यभर जमत आलं होतं.

बंगळुरूहून दोघं आले होते. चष्म्याचे एक गृहस्थ आणि छोट्या केसांच्या एक बाई. माणसं सभ्य होती. त्यांनी अक्कांना बसायला खुर्ची पुढे केली. ती खिडकीजवळची नव्हती. टेबलासमोरची होती, उमेदवाराची. मी शेजारी बसले. अक्कांनी त्या दिवशी शेंगा आणल्या नव्हत्या. कुणीतरी सांगितलं असावं, चांगलं दिसत नाही. हात मांडीवर होते, आणि बोटं काहीच नसताना फोडत होती.

त्या बाईंनी इंग्रजीत विचारलं. मी मराठीत केलं. "अक्का, तुमच्याबद्दल सांगा म्हणतायत."

अक्कांनी घसा साफ केला. "भाईर मंगल बसलीय. तिनं बी ह्याच पदासाठी अर्ज भरलाय. म्या तिला इचारलंय, सांगू का, ती सांगा म्हणली. तर तिचं सांगते." आणि त्या सांगायला लागल्या. मंगलनं कुठल्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायकांना कसं उभं केलं, बाळंतपणानंतर किती लवकर ती परत आली, चिडली की ती कशी हसते. मी इंग्रजीत करत गेले. अक्का इतकं चांगलं बोलल्या की त्या गृहस्थांनी लिहायचं थांबवून नुसतं ऐकलं.

मग ते हसून म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण तुमच्याबद्दल?

मी विचारलं. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. ज्यांनी गावोगावच्या बायकांना बोलतं केलं, त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. मला वाटलं होतं हा त्यांचा विनय आहे. शेजारून बघताना कळलं, ती भीती होती. अगदी माझ्यासारखी, वरून शांत दिसणारी. त्या बाईंनी कागदावर काहीतरी खूण केली आणि दुसऱ्या पानाकडे वळल्या.

पुढचं आधीच सांगते. समन्वयकाचं पद मंगलला मिळालं, आणि आज ती ते चांगलं सांभाळते. अक्कांना त्यांनी गावभेटींच्या कामावर ठेवलं. अक्का मंगलच्या हाताखाली आनंदानं राबल्या, तिला सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणून चिडवायच्या, आणि गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा आपणहून घरी बसल्या. मध्ये वालूरला गेले होते. ओट्यावर बसल्या होत्या, शेजारणीच्या सुनेसमोर दाणे सरकवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ऋतुजा. आलीय."

पण अक्का म्हटलं की मला ओटा दिसत नाही. ती खोली दिसते, टेबलापुढची ती खुर्ची दिसते, आणि काही नसताना फोडणारी ती बोटं. ते गृहस्थ पेनाला टोपण लावत होते. दाराशी उभे असलेले सर मला डोळ्यांनी 'पुढच्याला बोलव' म्हणत होते. मध्ये आपलं काही घालायचं नाही, हे मला आठवत होतं.

मी अक्कांकडे वळले.

"सांगू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोटं थांबली. मग त्यांनी मान हलवली, एवढीशी, 'सांग' अशी.

मी त्या दोघांकडे तोंड केलं. इंग्रजी पुढे येणारच होती, माझ्याकडे ती पुष्कळ होती. पण पहिली ओळ मी आपल्याच बोलीत म्हणाले, मोठ्यानं, बाहेर बाकड्यापर्यंत जाईल अशी.

"नाव महानंदा. गाव वालूर. आल्यात."